काळ्या मखमलीवरची फुलं: मेक्सिकोच्या भरतकामाबद्दल कुणाला माहिती आहे का?

उलटी_बाजू

नमस्कार. इथे वाचते बरीच वर्षं, लिहिते आज पहिल्यांदाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा भाचा कामासाठी मेक्सिकोला गेला होता. येताना मावशीला भरतकाम आवडतं म्हणून तिथला एक ब्लाऊज घेऊन आला. ब्लाऊज म्हणजे आपल्यासारखा बेतलेला नाही. चौकोनी पोतडीला डोकं आणि हात घालायला जागा ठेवावी तसा, कमरेपर्यंत येणारा, काळ्या मखमलीचा. आणि त्यावर फुलं! एकेक माझ्या तळहाताएवढं. लाल, शेंदरी, राणी रंगाची, मधेच एखादं पिवळं, आणि पानं इतकी हिरवी की आमच्या ह्यांनी विचारलं, हे अंधारात चमकतं का?

मी सांगलीला मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलं. त्यामुळे कुठलंही काम हातात आलं की आधी उलटून बघायची सवय. याला आतून छापील सुती अस्तर होतं. राहवेना. काखेजवळचे चार टाके उसवले (भाच्याला सांगू नका) आणि बोटांनी चाचपून, बॅटरी लावून आत पाहिलं. उलट बाजू सुलटीइतकीच भरलेली. भरीव टाका, पाकळीच्या आत लांब-आखूड टाक्याने छटा बदललेल्या, एका पाकळीत मी पाच लाल मोजले. एका ठिकाणी पाकळीच्या कडेबाहेर पांढरी रेघ राहिली आहे. म्हणजे आधी कुणीतरी पांढऱ्या रंगाने फूल काढलं, मग भरणारीने ते जरा आत घेतलं.

प्रश्न असा, ही फुलं कोणती? मला गुलाब वाटतात, पण कुठल्याच गुलाबाला अशी पानं नसतात. भाचा म्हणाला की मेक्सिकोची चित्रकार फ्रिदा काहलो असले कपडे घालायची, आणि मोबाइलवर एक पान काढून दिलं. त्यात लिहिलं होतं, लाल फूल म्हणजे स्त्रीची शक्ती, पिवळं म्हणजे सूर्य, पान म्हणजे पुनर्जन्म. मला हे काही पटलं नाही. आम्ही शाळेत मोर काढायचो तेव्हा मोर म्हणजे मोरच असायचा.

अजून एक. हे काम पाहिल्याबरोबर मला पारशी गाऱ्याची, म्हणजे पारशी बायकांच्या भरलेल्या साडीची, आठवण झाली. का ते कळत नाही. कुठे मेक्सिको, कुठे गारा.

आमच्या मंडळात पुढच्या महिन्यात हा ब्लाऊज दाखवणार आहे. चार वाक्यं खरी सांगता आली तर बरं.

शंकासुर

काकू, तुमची शंका रास्त आहे. "लाल म्हणजे शक्ती" छापाचं लिखाण दुकानदारांनी लेबलवर लिहायला काढलेलं असतं. फुलं सुंदर दिसतात म्हणून काढतात. जगात सगळीकडे काढतात. यात मोठं तत्त्वज्ञान शोधायची गरज नाही.

टाके_टिपा

काकू, गारा आठवला यात तुमचं काही चुकलं नाही! मी दादरला जुन्या साड्या दुरुस्त करून देते, वर्षाला दोन-तीन गारे तरी हाताखालून जातात. गाऱ्याचं मूळ भरतकाम चीनचं, कँटनचं. एकोणिसाव्या शतकात पारशी व्यापारी तिकडे जायचे, तिथून भरलेलं रेशीम घेऊन यायचे. म्हणून गाऱ्यावर पिओनीची, शेवंतीची फुलं, बगळे, पूल, छत्रीवाले चिनी लोक. पुढे इकडच्या बायकांनी त्यांना आपली नावं ठेवली. ठिपक्याठिपक्यांची एक नक्षी आहे, तिला चक्क "कांदा-पापेटा" म्हणतात. कांदे-बटाटे! चिनी कारागिराला कळलं असतं तर.

मेक्सिकोचं मला ठाऊक नाही, पण पाच छटांची पाकळी आणि दोन्हीकडून भरलेला टाका हा चिनी हात वाटतो. जाणकारांनी सांगावं.

चोलुल्याचा_पाहुणा

काकू, अस्तर उसवलंत हे वाचलं आणि म्हटलं आता उत्तर द्यायलाच हवं.

मी नाशिकचा, गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यातला इंजिनिअर. सुईत दोरा ओवता येत नाही. पण २०१२ ते २०१९ मेक्सिकोत पुएब्ला राज्यात चोलुला नावाच्या गावात राहिलो. बायकोला कापडाचं वेड. सुट्टी आली की कुठल्यातरी गावच्या बाजारात ती घासाघीस करणार आणि मी पिशव्या धरून उभा राहणार. सात वर्षं पिशव्या धरल्या की माणसाला थोडंफार कळायला लागतं.

तुमच्याकडे आहे तो "उइपिल". वाहाका राज्यात तेवान्तेपेकची संयोगभूमी आहे, मेक्सिकोची कंबर जिथे सगळ्यात बारीक होते ती जागा. तिथे हुचितान, तेवान्तेपेक ही झापोतेक लोकांची गावं. बायका दणकट, बाजार त्यांच्याच हातात, मोठ्याने बोलणाऱ्या. मला तर कोल्हापूरच्या भाजी मंडईत आल्यासारखं वाटलं होतं. मे महिन्यात त्यांच्या "वेला" असतात, म्हणजे रात्रभराचे उत्सव, त्यात हा पोशाख घालायचा. वर उइपिल, खाली त्याच फुलांचा घेरदार घागरा, त्याच्या खाली वीतभर पांढऱ्या लेसची झालर. फ्रिदा काहलोने हाच वेष आपलासा केला आणि जगभर पोचवला, पण तिचा जन्म मेक्सिको सिटीच्या कोयोआकानचा. हुचितानच्या बायकांना त्याचं फार कौतुक दिसलं नाही. त्यांच्या मते कपडे त्यांचे आणि नाव तिचं झालं.

पांढरी रेघ तुम्ही बरोबर पकडलीत. तिथे फूल काढणारा माणूस वेगळा आणि भरणारी वेगळी. काढणाऱ्याला "दिबुहान्ते" म्हणतात. तो मखमलीवर पांढऱ्याने सगळा ताटवा काढून देतो. मग कापड लाकडी चौकटीवर ताणायचं आणि भरायला बसायचं. रंग कुठला, छटा किती, हे भरणारी ठरवते. छटांच्या त्या कामाला "मातिसादो" म्हणतात. तेव्हा तुमच्या उइपिलावर दोन माणसांचं थोडं भांडण राहून गेलं आहे. त्याला फूल मोठं हवं होतं, तिने आत घेतलं.

आता फूल कोणतं. गुलाब आहेत, लिली आहेत, जास्वंदीसारखं काहीतरी आहे, पण वनस्पतिशास्त्र घेऊन बसलात तर हाती काही लागणार नाही. आणि टाके_टिपा यांना पैकीच्या पैकी गुण. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पेनची गलबतं फिलिपिन्सच्या मनिलाहून निघून प्रशांत महासागर ओलांडून मेक्सिकोच्या आकापुल्को बंदराला लागायची. मनिलात चीनचं रेशीम भरायचं आणि मोबदल्यात मेक्सिकोची चांदी न्यायची. त्या वाटेने भरलेल्या शाली आल्या. नाव "मनिलाची शाल", काम कँटनचं. तेवान्तेपेकच्या मखमलीवरची ही मोठाली फुलं त्या शालींवरून आली असं मानलं जातं. म्हणजे एकच कँटन. तिथून पश्चिमेला निघालेलं फूल मुंबईत गारा झालं आणि पूर्वेला निघालेलं हुचितानला उइपिल. काकूंनी सांगलीत बसून बॅटरी लावून दोन्ही टोकं पकडली.

अर्थाबद्दल. माझ्या बायकोने हुचितानच्या बाजारात हाच प्रश्न विचारला होता, या फुलाचा अर्थ काय? विकणारी बाई शांतपणे म्हणाली, "अर्थ? आठ महिने. आणि माझे डोळे."

उलटी_बाजू

अगं बाई! गारा आणि हे खरंच एका गोत्रातले? अंगावर काटा आला. त्या बाईंचं उत्तर मी मंडळात जसंच्या तसं सांगणार. आम्ही शिवणवाल्या बायका जन्मभर हेच सांगत आलोय, पण इतकं थोडक्यात जमलं नाही.

दिबुहान्ते हा शब्द मात्र माझ्याच्याने म्हणवणार नाही.

शंकासुर

बघा, मी काय म्हणत होतो. अर्थबिर्थ काही नाही, चीनची नक्कल आहे.

चोलुल्याचा_पाहुणा

नाही हो शंकासुर, इतक्यात निकाल देऊ नका. नक्षीला अर्थ नाही, पण फुलाला तिथे भरपूर काम आहे. मला हा फरक कळायला दिवाळी उजाडावी लागली. सांगतो.

२०१३ साली लक्ष्मीपूजन ३ नोव्हेंबरला होतं. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबर हे मृतांचे दिवस. आपली माणसं त्या दिवशी घरी येतात म्हणून घरोघर "ओफ्रेन्दा" मांडतात. पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, गेलेल्यांचे फोटो, त्यांच्या आवडीचं जेवण, पाणी, मीठ, मेणबत्त्या, कोपालचा धूप, कागद कातरून केलेल्या पताका. आणि या सगळ्यावर झेंडू. आपला केशरी झेंडू, गाडाभर. फुलाचं तिथलं नाव "सेम्पासूचिल", तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेतलं. "सेम्पोहुआल्ली" म्हणजे वीस, "शोचित्ल" म्हणजे फूल. वीसफुली म्हणा. त्यांची मोजणी विसाच्या पटीतली, त्यामुळे वीस म्हणजे पुष्कळ, शेकड्याने पाकळ्या असलेलं.

मी काय केलं, बाजारातून स्वस्तात झेंडू मिळतोय म्हणून दोन मोठ्या जुड्या आणल्या. दाराला तोरण केलं (आंब्याची पानं नव्हती, लिंबाची लावली). आत चौरंगावर लक्ष्मीचा फोटो, पणत्या, लाह्यांऐवजी मक्याच्या फुल्या, अनारशांऐवजी दुकानातली बिस्किटं. संध्याकाळी घरमालकीणबाई आल्या. सत्तरीच्या, काळी शाल घेतलेली. हातात मृतांच्या दिवसाचा गोड पाव. त्यांनी तोरण पाहिलं, पणत्या पाहिल्या, मान हलवली. मग लक्ष्मीच्या फोटोसमोर उभं राहून क्रॉस केला आणि हळू आवाजात विचारलं, "किती तरुण होती! कधी गेली?"

मला हसावं की रडावं कळेना. देवी आहे, जिवंत आहे, पैसे देते, असं मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग हिला फूल कशाला? हिला वाट माहीत असेल ना."

वाट. इथे माझ्या डोक्यात उजेड पडला. झेंडू तिथे वाट दाखवायला असतो. रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत आणि उंबऱ्यापासून ओफ्रेन्दापर्यंत पाकळ्यांचा पट्टा घालतात. रंग लांबून दिसतो, वास त्याहून लांब जातो, त्यामागे गेलेली माणसं येतात. चोलुलाच्या आजूबाजूला ऑक्टोबरमध्ये शेतंच्या शेतं केशरी होतात, मागे पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी धूर सोडत असतो. तासाभरावर उआकेचुला नावाचं गाव आहे. तिथे ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल ते पांढऱ्या साटिनचा छतापर्यंत जाणारा मंडप उभारतात. लग्नाच्या केकसारखा, मजल्यावर मजले. फोटो समोर ठेवत नाहीत, आरशात त्याचं प्रतिबिंब दिसेल असा ठेवतात. सगळं पांढरंशुभ्र आणि दारापासून आत येणारी झेंडूची वाट तेवढी पेटलेली. कुणीही अनोळखी माणसाने आत यावं, नमस्कार करावा, गरम चॉकलेट प्यावं. आम्ही एका दुपारी पाच घरी गेलो आणि पाचही ठिकाणी प्यायलो.

मृतांच्या या सणाची नोंद युनेस्कोच्या यादीत २००८ पासून आहे. पण घरमालकीणबाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांना फुलाचं देठ लांब हवं, एवढाच आग्रह.

तेव्हा शंकासुर, ताजं फूल तिथे कामाला जुंपलेलं असतं. लोककलेतलं फूल त्या कामाच्या आसपास वाढलेलं आहे. कुठे घट्ट जोडलेलं, कुठे सैल. तेवान्तेपेकच्या मखमलीवर सैल. इतरत्र तसं नाही.

झेंडूवाला_जुन्नर

राम राम. मी भरतकामातला नाही, झेंडूतला आहे. जुन्नर तालुक्यात दीड एकर करतो. दसरा-दिवाळी धरून लावण, रोप लावल्यापासून दोन महिन्यांत फूल चालू. हा धागा बायकोने दाखवला.

मला एवढंच म्हणायचंय की बियाण्याच्या पाकिटावर आमच्याकडे "आफ्रिकन झेंडू" लिहिलेलं असतं. बुटक्या जातीला "फ्रेंच झेंडू". एकदा कृषी विद्यापीठाच्या शिबिरात साहेबांना विचारलं, आफ्रिकेतनं आला का? साहेब म्हणाले, दोन्ही मेक्सिकोचे, नावं कुणीतरी मधल्या मधे चिकटवली. मग त्यांनी यादीच सांगितली. निशिगंध मेक्सिकोचा. देवळापुढचा पांढरा चाफा तिकडचाच. डेलिया तिकडचा. नारायणगावला टोमॅटो पाठवतो तो तिकडचा, मका तिकडचा. म्हटलं साहेब, आमचं अर्धं शिवार परदेशी निघालं की. टोमॅटोत सूत्रकृमी होऊ नये म्हणून कडेला झेंडू लावतो, म्हणजे गाववाल्यालाच राखणीला बसवलाय.

पण पाहुणे, एक विचारतो. देठ लांब लागतं म्हणालात. आमच्याकडे देठ कुणाला नको. मुंडकं खुडायचं, क्रेट भरायचं, किलोवर विकायचं. दसऱ्याला भाव मिळाला तर मिळाला, नाहीतर दुपारनंतर रस्त्याच्या कडेला ओतून रिकामं क्रेट घेऊन घरी. तिकडे कसं विकतात?

चोलुल्याचा_पाहुणा

दादा, तिकडे जुडीवर. कमरेएवढं झाड मुळाशी कापून, पानांसकट, काखेत मावेल एवढी मोळी. कारण फुलदाणीत, बादलीत, थडग्यावरच्या डब्यात उभं करायचं असतं. माळा ओवण्यापेक्षा कमानी बांधणं जास्त. आणि मेक्सिको सिटीच्या शोचिमिल्कोत ते कुंडीत वाढवून विकतात. शोचिमिल्को या नावातच "शोचित्ल" आहे, फुलांच्या शेताची जागा. तळ्यात चिखल आणि गवत रचून केलेली तरंगती वाटावी अशी शेतं. आता तिथे लोक नावेतून सहलीला जातात आणि प्रत्येक नावेला भडक रंगाची कमान असते, तिच्यावर बाईचं नाव. ती कमान पूर्वी ताज्या फुलांची करत. आता बहुतेक रंगवलेली. ताजं फूल सुकलं आणि त्याच्या जागी रंगाचं आलं, ही लोककला कशी तयार होते त्याची चालती गोष्टच आहे.

तुमच्या यादीतल्या नावांची मजा सांगतो. निशिगंधाला नाहुआत्लमध्ये "ओमिशोचित्ल" म्हणतात. ओमि म्हणजे हाड. हाडाचं फूल, तसं पांढरं आणि गुळगुळीत. पांढऱ्या चाफ्याला "काकालोशोचित्ल", कावळ्याचं फूल. आपण त्याला देवचाफा म्हणतो आणि त्यांच्याकडे तो कावळ्याचा. काकूंचा उइपिल जिथला आहे त्या भागात याच चाफ्याच्या माळा करून सणाला घालतात. म्हणजे अंगावर मखमलीचं चिनी वळणाचं फूल आणि गळ्यात तिथलंच झाडावरून आत्ता काढलेलं. डेलियाला तर १९६३ मध्ये त्यांनी राष्ट्रीय फूल केलं.

आणि शंकासुर, जुनी गोष्ट हवी असेल तर स्पॅनिश लोक यायच्या आधी नाहुआत्ल बोलणारे लोक कवितेला "फूल आणि गाणं" म्हणायचे. "इन शोचित्ल, इन कुइकात्ल". ही जोडी म्हणजेच कविता. त्यांचा शोचिपिल्ली नावाचा फुलांचा देव आहे. मेक्सिको सिटीच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात त्याची दगडी मूर्ती आहे, मांडी घालून बसलेली, मान वर, आणि अंगभर फुलं कोरलेली. आणि कैदी पकडण्यासाठी जी ठरवून लढाई करायचे तिला म्हणायचे "फुलांचं युद्ध". तेव्हा गोड गोड नव्हतं सगळं.

शंकासुर

फुलांचं युद्ध हे आवडलं. मान्य, माझं पहिलं वाक्य मागे घेतो. दुसरं नाही.

पण मला अजून ते "घट्ट जोडलेलं" उदाहरण मिळालेलं नाही. झेंडू भरलेला, कोरलेला, रंगवलेला दाखवा.

चोलुल्याचा_पाहुणा

झेंडूच हवा हा तुमचा हट्ट. बरं, थोडं वेगळं देतो, चालतंय का बघा.

चियापास राज्यात सिनाकान्तान नावाचं माया लोकांचं गाव आहे, त्सोत्सील बोलणारं. डोंगरात, थंड. जुन्या फोटोत त्या गावचे कपडे बघितले तर लाल-पांढऱ्या बारीक पट्ट्यांचे. फुलं नावाला. मग गेल्या पन्नासेक वर्षांत गाव फूलशेतीत पडलं. प्लास्टिकची हरितगृहं, शेवंती, गुलाब, ट्रक भरून शहरात. आणि त्याच काळात कपड्यांवर फुलं चढायला लागली. आधी काठाला, मग छातीवर, मग अशी की मूळ कापड दिसेना. आम्ही गेलो तेव्हा जांभळा आणि गडद निळा चालू होता, शाली, घागरे, पुरुषांचे अंगरखेसुद्धा. दोन वर्षांनी परत गेलो तर हिरव्यावर गेले होते. बायकोने जुना जांभळा अंगावर घेतला होता, तिथल्या पोरी तिच्याकडे बघून हसत होत्या. आपण "हजारो वर्षांची परंपरा" म्हणून जपून घालावं आणि त्यांच्या लेखी ती गेल्या साली जुनी झालेली फॅशन!

आता हे घट्ट की सैल? जे पिकवतात तेच अंगावर घालतात. झेंडूवाल्या दादांनी शर्टावर झेंडू भरून घेतला तर आपण काय म्हणू?

दुसरं, खास काकूंसाठी. वाहाका शहराच्या दक्षिणेला सान आन्तोनिनो कास्तियो वेलास्को नावाचं गाव आहे. तिथेही फुलांची शेती, तिथेही भरतकाम. पांढऱ्या कापडावर रेशमाने पॅन्सीची फुलं भरतात. स्पॅनिशमध्ये तिला "पेन्सामिएन्तो" म्हणतात आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ विचार. त्याच झग्यावर छातीशी चुण्या घालून त्या चुण्यांवर अगदी बारीक माणसांची रांग विणलेली असते, नखाएवढी. त्या टाक्याचं नाव काय माहीत आहे? "आस्मे सी पुएदेस". मला करून दाखव, जमलं तर!

याच गावात "इन्मोर्ताल", म्हणजे अमर, नावाचं फूल पिकतं. वाळलं तरी रंग आणि आकार सोडत नाही. वाहाकात २३ डिसेंबरला मुळ्यांची रात्र असते. १८९७ पासून मुळे कोरून देव, माणसं, बैलगाड्या करतात आणि स्पर्धा लावतात. त्यात एक विभाग या अमर फुलांचा. वाळलेली फुलं एकावर एक लावून देवळं, नर्तकी, मिरवणुका. मुळ्याचं काम रात्रभरात काळं पडतं. फुलांचं वर्षभर कपाटावर राहतं.

लाखकामाचं लिहायला बसलो तर रात्र जाईल. तरी दोन गोष्टी राहवत नाहीत. गेरेरो राज्यात ओलिनाला गावात लाकडी पेट्या करतात. लिनालोए नावाचं सुगंधी लाकूड, पेटी उघडली की अख्ख्या खोलीला वास. त्यावर चियाच्या तेलात कालवलेल्या रंगाचा एक थर, तो वाळला की दुसऱ्या रंगाचा थर, आणि तो ओला असतानाच वरचा थर खरवडून फुलं काढायची. हत्यार काय, तर टर्कीच्या पिसाच्या देठात बसवलेला बाभळीसारख्या झाडाचा काटा. काट्याने खरवडायचं, उलटं करून पिसाने भुकटी झाडायची. चिया म्हणजे हेच, आपल्याकडे आता वजन कमी करायला पाण्यात भिजवून पितात ते.

आणि चियापा दे कोर्सो गावच्या बायका लाखेवर फुलं काढतात ती बोटाने. करंगळीचं टोक रंगात बुडवून एक दाब, एक पाकळी. म्हणजे पाकळीचं माप हेच बोटाचं माप. अशा रंगवलेल्या मोठ्या भोपळ्याच्या परड्या हुचितानला जातात, आणि काकूंच्या उइपिलासारखाच उइपिल घातलेल्या बायका त्यात फळं भरून डोक्यावर घेऊन मिरवणुकीत निघतात. फळं लोकांच्या अंगावर फेकतात. मला एक कच्चा आंबा खांद्याला लागला होता, चांगलाच.

टाके_टिपा

आस्मे सी पुएदेस! मी हे आमच्या दुकानाच्या पाटीवर लिहून घेणार आहे.

करंगळीची पाकळी वाचून रांगोळी आठवली. ठिपक्याला चिमूट दाबून पाकळी करतात ती. बाकी काही म्हणायचं नाही.

झेंडूवाला_जुन्नर

शर्टावर झेंडू भरून घ्यायची तयारी आहे, भरून कोण देणार ते सांगा. देठासकट विकायचं मात्र डोक्यात बसलंय. या दसऱ्याला वीसेक जुड्या बांधून पुण्याला नेऊन बघतो. गेल्या तर गेल्या.

उलटी_बाजू

दादा, शर्ट पाठवा, एक खिसा भरून देते. सगळा शर्ट नाही, माझे डोळे आता सांगलीच्या त्या बाईंसारखे... नाही, हुचितानच्या बाईंसारखे झालेत.

सगळ्यांचे आभार. शंकासुर, तुमचेही. तुम्ही टोचलं नसतं तर पाहुण्यांनी इतकं लिहिलं नसतं.

शेवटचा प्रश्न पाहुण्यांना. मखमल आहे, सहा महिन्यांनी वास यायला लागेल. धुवायचा कसा? रंग जाईल का? आणि अस्तर परत शिवते, पण मंडळातल्या बायका विचारणार, उलट बाजू कशी आहे ते दाखव.

चोलुल्याचा_पाहुणा

काकू, धुवू नका. हुचितानमध्ये विचारलं होतं बायकोने. मखमल पाण्यात घातली की बसते आणि लाल सुटतो. घातल्यावर उलटा करून सावलीत वाऱ्यावर टाकायचा, मग पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवायचा. घडी फुलावर येऊ देऊ नका, टाके तुटतात. आमचा एक असाच तुटला, तिघांना दाखवला, तिघांनीही हात लावायला नकार दिला.

अस्तराचं तुम्हीच ठरवा.

उलटी_बाजू

ठरलं. अस्तर शिवलं, पण काखेतले ते चार टाके सोडून दिलेत. तिथे एक टिचबटण लावलंय.